हिवाळी ट्रिप: कीविनॉत स्नोमोबाईल, तारीख आणि खर्च

नोव्हीकर, १० नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

फराळाच्या दिवशी निघालेला विषय इथे लिहून मार्गी लावतो. यंदा हिवाळी सहलीला स्कीइंगऐवजी मिशिगनच्या उत्तरेला, कीविनॉ द्वीपकल्पात, स्नोमोबाईल (बर्फावरून चालणारी मोटारमशीन) करावी असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. पाच घरं तयार आहेत, म्हणजे नऊ मोठी माणसं आणि तीन मुलं. माझ्या मनात फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा वीकेंड आहे. मुलांना सुट्टी असते आणि मोठ्यांची रजाही फारशी जात नाही. तिथल्या कॅल्युमेट गावाजवळचं एक मॉटेल आत्ताच पूर्ण पैसे भरले तर पंधरा टक्के सूट देतंय. शुक्रवारपर्यंत कोणाची हरकत आली नाही तर भरून टाकतो.

तात्या, तुम्ही दरवर्षी जाता. मशीन कुठली घ्यायची, कपडे काय, खर्च किती, जरा सविस्तर लिहाल का?

तात्या (ॲन आर्बर), १० नोव्हेंबर, रात्री

नोव्हीकर, पैसे भरू नकोस. आधी हे सगळं वाच.

२०२३-२४चा हिवाळा आठव. एल निन्योचं वर्ष होतं. आम्ही सहा जणांनी ऑक्टोबरातच असेच सवलतीचे पैसे भरले होते. निघायच्या आठवड्यात ट्रेलवर (स्नोमोबाईलच्या वाटेवर) खडी आणि चिखल. मार्क्वेटची यूपी-२०० (यूपी म्हणजे अप्पर पेनिन्सुला, मिशिगनचा उत्तरेकडचा भाग) ही कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यतसुद्धा त्या फेब्रुवारीत रद्द करावी लागली. आमचं बुकिंग परतावा नसलेलं, त्यामुळे सगळे पैसे बुडाले. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो. खोली अशी घ्यायची की आठवडाभर आधी रद्द करता येईल, भले रात्रीला वीस डॉलर जास्त पडोत. आणि एका तारखेऐवजी दोन तारखा धरून ठेवायच्या.

आता ट्रेलचं. आपल्याकडे लोक हवामानाच्या ॲपवर 'आठ इंच स्नो' बघतात आणि फोन करतात, "तात्या, चला!" पण ताजा भुसभुशीत बर्फ उघड्या जमिनीवर पडला तर त्याखाली दगड, मुळं, ओंडके तसेच असतात. ट्रेलला बेस लागतो. म्हणजे आधी जमीन आणि दलदली गोठायला हव्यात, नाहीतर ट्रेल दाबून सपाट करणारं यंत्र, ग्रूमर, तोच रुततो. मग बर्फाचे थर एकावर एक बसून ग्रूमरखाली दाबले जायला हवेत आणि रात्रीच्या थंडीत ते कडक व्हायला हवेत. मिशिगनच्या ट्रेल १ डिसेंबरला उघडतात आणि ३१ मार्चला बंद होतात, पण डिसेंबरात बहुतेक वेळा बेसच झालेला नसतो. मी बर्फाच्या अंदाजापेक्षा दोन गोष्टी विचारतो: खाली बेस किती आहे आणि ग्रूमर शेवटचा कधी फिरला. कॅल्युमेटच्या पेट्रोल पंपावर किंवा मशीन भाड्याने देणाऱ्याला फोन केला की दोन्ही कळतं.

कीविनॉच का, तर लेक सुपीरियरमुळे. वायव्येकडून येणारा कोरडा गार वारा त्या उघड्या पाण्यावरून येताना वाफ उचलतो, आणि तळ्यात घुसलेल्या या जमिनीच्या जिभेवर चढताना सगळी ओतून टाकतो. मोठं वादळ नसतानाही रोज दोन-तीन इंच पडत राहतं. मोहॉकच्या पुढे यूएस-४१ला उंच थर्मामीटरसारखा फलक आहे, त्यावर १९७८-७९चा विक्रम लिहिलाय: ३९०.४ इंच. त्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की मान दुखते.

आणि शनिवार टाळा, विशेषतः लाँग वीकेंडचा. ग्रूमर बहुतेक रात्री फिरतो. सकाळी आठला ट्रेल सारवलेल्या अंगणासारखी असते. शेकडो मशीन गेल्या की दुपारी दोनपर्यंत तिच्यावर एकामागून एक खळगे तयार होतात. पावसाळ्यानंतर कोकणात एसटीच्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखे हादरे बसतात, आणि इथे ते चार तास खायचे. नवशिक्यांची पाठ आणि उत्साह दोन्ही तिथेच संपतात. आपण मधल्या वारी जाऊ आणि सकाळी लवकर निघू. फेब्रुवारीच्या सुरुवातीचा, जवळच्या होटन गावातल्या विंटर कार्निव्हलचा आठवडाही नको, खोल्या मिळत नाहीत.

मशीनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इंजिन थंड ठेवणं हाच माझा पस्तीस वर्षांचा धंदा. बहुतेक ट्रेल स्लेडना (म्हणजे स्नोमोबाईलना) गाडीसारखा पुढे रेडिएटर आणि पंखा नसतो. सीटखालच्या पत्र्याला आतून उष्णता बाहेर टाकणारे हीट एक्स्चेंजर लावलेले असतात, आणि फिरता ट्रॅक (खालचा रबरी पट्टा) जो बर्फ उडवतो तो त्यांच्यावर आपटून इंजिन गार होतं. शिवाय ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांनाही तोच बर्फ वंगण म्हणून लागतो. ट्रेल काचेसारखी कडक झाली की बर्फ उडतच नाही. दहा मिनिटांत तापमानाचा दिवा लागतो आणि पट्ट्या वितळल्याचा करपट वास येतो. मी हे एकदा बिल निकोल्स ट्रेलवर भोगलंय. तो जुना रेल्वेचा मार्ग, नुकत्याच झालेल्या पावसाने गोठलेला. दर पाच मैलांनी कडेच्या भुसभुशीत बर्फात मशीन घालून थांबत होतो.

यावर उपाय म्हणजे आइस स्क्रॅचर. सस्पेन्शनच्या रेलवरून जमिनीला टेकणाऱ्या दोन लवचिक सळ्या असतात. त्या बर्फ खरवडून ट्रॅकवर उडवतात. भाड्याची मशीन घेताना खाली वाकून त्या आहेत का हे डोळ्यांनी बघा, आणि रिव्हर्स घेण्यापूर्वी वर अडकवायच्या का ते विचारा. काही प्रकारच्या सळ्या उलट्या जाताना मोडतात, आणि त्याचं बिल आपल्यालाच येतं.

खर्च. गेल्या जानेवारीत आम्ही दोघांच्या मशीनला दिवसाचे २९० डॉलर दिले, एकट्याच्या मशीनला २५०. हेल्मेट, सूट आणि बूट माणशी ४५, दोन्ही दिवसांचे मिळून. आमची फोर-स्ट्रोक होती, गॅलनला पंधरा मैलांच्या आसपास द्यायची. दोन दिवसांत १३० मैलांना नऊ गॅलन लागलं. तीन रात्रींची खोली ४२०. जोडप्यामागे साडेअकराशे धरा, आपल्या गाडीचं पेट्रोल आणि खाणं वेगळं. कार्डावर १,५०० डॉलर अनामत अडकतात, हे आधीच सांगतो. झाडाला धक्का लागला तर ते परत येतील असं समजू नका. आपला कारचा विमा यात बहुधा लागू होत नाही, तेव्हा पॉलिसी काढून वाचा. ट्रेल परमिट दर मशीनला लागतं. भाड्याच्या मशीनवर ते सहसा चिकटवलेलं असतं, तरी चालू वर्षाचं आहे ना ते बघून घ्या.

ट्रॉयकर, ११ नोव्हेंबर

तात्या, माहितीबद्दल आभार. पण कॅल्युमेट म्हणजे साडेपाचशे मैल, दहा तास. गेलॉर्ड साडेतीन तासांवर आहे. तिथेही ट्रेल आहेत, भाड्याची दुकानं आहेत. जाण्यायेण्यातले दोन दिवस वाचतात आणि मिशिगनचे दोन भाग जोडणारा मॅकिनॉ पूलही ओलांडावा लागत नाही. दुसरं म्हणजे, दर वर्षी भाडं देण्यापेक्षा आपण तिघांनी मिळून दोन जुन्या स्लेड घेतल्या तर?

तात्या, ११ नोव्हेंबर

ट्रॉयकर, गेलॉर्डला माझा विरोध नाही. शुक्रवारी संध्याकाळी कळलं की खाली बारा इंच बेस आहे आणि आठवडाभर गारठा आहे, तर शनिवारी पहाटे चारला निघून साडेसातपर्यंत पोचावं, हे गेलॉर्डलाच जमतं. पण दोन महिने आधी तारीख ठरवून बारा जणांना न्यायचं तर मी तिथे नेणार नाही. पुलाच्या दक्षिणेला, मिशिगनच्या खालच्या भागात, जानेवारीतही पाऊस पडतो आणि दोन दिवसांत बेस वाहून जातो.

जुन्या स्लेड घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी नको. ट्रेलर, नोंदणी, विमा, उन्हाळ्यात ठेवायला जागा, आणि आपल्यापैकी कोणालाही रानात मशीनचा बेल्ट बदलायची सवय नाही. वर्षात दोन दिवस चालवणाऱ्याला भाडंच परवडतं.

कॅन्टनकर वहिनी, १२ नोव्हेंबर

सगळ्यांना नमस्कार. आमचा मुलगा चौदाचा आहे आणि आत्तापासूनच "मी चालवणार" म्हणतोय. मला धास्ती वाटते. कायदा काय म्हणतो? धाकटी नऊ वर्षांची आहे, ती मागे बसू शकेल का? आणि आम्ही शाकाहारी, तिकडे दोन दिवस काय खायचं?

तात्या, १२ नोव्हेंबर

वहिनी, धास्ती योग्य आहे, ती मनातून काढू नका. बारा ते सोळा वर्षांच्या मुलाला किमान २१ वर्षांच्या माणसाच्या देखरेखीखाली चालवता येतं, किंवा त्याच्याकडे सुरक्षेच्या कोर्सचं प्रमाणपत्र हवं. पण रस्ता ओलांडायचा तर प्रमाणपत्रच लागतं, आणि ट्रेल पावलोपावली रस्ते ओलांडतात. कोर्स ऑनलाइन होतो, त्याला आत्ताच बसवा. प्रमाणपत्र असलं तरी भाड्याने देणारे स्वतःची वयाची अट लावतात. बहुतेक ठिकाणी त्याला चालवू देणार नाहीत. हे त्याला घरीच सांगा, तिथे पोचल्यावर हिरमोड नको.

धाकटीला मागे बसवताना एकच परीक्षा: पाय फूटबोर्डवर नीट टेकतात का आणि हात कडीपर्यंत पोचतात का. टेकत नसतील तर तिला काकूंबरोबर कॉपर हार्बरला गाडीने पाठवू, आम्ही ट्रेलने येतो.

खाण्याचं सांगतो. तिकडे पॅस्टी मिळते. तांब्याच्या खाणीत काम करायला आलेल्या कॉर्निश लोकांनी ती आणली. भली मोठी खारी करंजीच म्हणा, कडेला मुरड घातलेली. मूळची गोमांसाची असते, पण काही दुकानांत भाजीची मिळते. सकाळी फॉइलमध्ये गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली तर दुपारपर्यंत कोमट राहते. बाकी दशम्या आणि लसणाची चटणी न्या, थंडीत खराब होत नाहीत.

रोचेस्टरकर काकू, १३ नोव्हेंबर

तात्यांनी मशीनचं सगळं सांगितलं. मी माझ्यावर बेतलेलं सांगते, कारण पाच घरांत निम्म्या बायका पहिल्यांदाच बसणार आहेत.

पहिल्या वर्षी लॅक ला बेलच्या वाटेवर वळणावर मी घाबरले. घाबरल्यावर माणूस मूठ आवळतो. स्नोमोबाईलचा थ्रॉटल (वेग वाढवायचा दांडा) उजव्या अंगठ्याखाली असतो, म्हणजे मूठ आवळली की मशीन आणखी पळतं. मी सरळ ट्रेल सोडून झाडांच्या दिशेने गेले. मनगटाला बांधलेली, इंजिनच्या स्विचला जोडलेली दोरी हिसक्याने निघाली आणि इंजिन बंद पडलं, म्हणून वाचले. ती दोरी जिथे असेल तिथे अंगाला अडकवल्याशिवाय कोणी बसू नका. आणि निघण्याआधी मोकळ्या जागेत अर्धा तास 'अंगठा सोड' एवढाच सराव करा. ह्यांनी माझ्याकडून शंभर वेळा करून घेतला, तेव्हा कुठे हाताला सवय लागली.

मशीन कमरेएवढ्या बर्फात रुतलं होतं. थ्रॉटल दिला की आणखी खोल जायचं. मग तिघांनी स्कीसमोरचा बर्फ पायांनी तुडवून वाट केली, मशीन कुशीवर कलंडवलं, ट्रॅकखालच्या खड्ड्यात बर्फ भरून दाबला, परत सरळ केलं, आणि हळूच बाहेर काढलं. पाऊण तास गेला. एकटी असते तर शक्यच नव्हतं. कॅल्युमेटच्या पुढे फोनला रेंज जवळजवळ नसते. म्हणून प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कपड्यांत सुती काहीही नको, आतला बनियनसुद्धा नको. घामाने भिजलं की तेच गार पडतं. बाहेर १० फॅरनहाइट असताना ताशी ४० मैलांच्या वाऱ्यात चामडीला ते उणे १५सारखं लागतं. माझ्या गालावर हेल्मेट आणि मफलरच्या मधे रुपयाएवढी जागा उघडी राहिली होती. तिथली चामडी पांढरी पडली, आणि मला कळलंही नाही. मागच्या मुलीने थांबल्यावर बघून सांगितलं. तेव्हा मफलर नको, बालाक्लाव्हा (चेहराही झाकणारी माकडटोपी) घाला, आणि थांबलात की एकमेकींचे चेहरे बघा.

आणि तळ्यावर जायचं नाही. कोणाचेही ठसे दिसले तरी नाही. बर्फाने झाकलेलं पाणी किती गोठलंय ते वरून दिसत नाही, आणि प्रवाहाच्या तोंडाशी ते पातळच असतं.

नोव्हीकर, १५ नोव्हेंबर

तात्या, काकू, मनापासून आभार. प्रेसिडेंट्स डे रद्द. मॉटेलचे पैसे भरले नाहीत. दुसऱ्या ठिकाणी सात दिवस आधी रद्द करता येतील अशा सहा खोल्या धरल्या आहेत, जानेवारीच्या शेवटच्या आणि फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यात. गुरुवारी निघायचं, शुक्रवारी दिवसभर आणि शनिवारी सकाळी अकरापर्यंत ट्रेल, रविवारी परत. मुलांची दोन दिवस शाळा बुडेल. वहिनींनी हो म्हटलंय.

आदल्या आठवड्याच्या बुधवारी संध्याकाळी तात्या आणि मी कॅल्युमेटला फोन करू आणि बेस, ग्रूमर, पुढच्या आठ दिवसांची थंडी विचारून इथेच कळवू. बेस नसेल तर पहिली तारीख सोडून दुसरी. दुसरीही नसेल तर यंदा नाही. पहिला दिवस फक्त साठ मैलांचा, कॅल्युमेट ते लॅक ला बेल आणि परत. पुढे तात्या, सर्वांत मागे ट्रॉयकर. समोरून कोणी आलं तर बोटांनी मागच्या मशीनची संख्या दाखवायची, शेवटच्याने मूठ. होटनला उचलपुलावरून जायची सगळ्यांची इच्छा होती. हिवाळ्यात त्याचा खालचा मजला स्नोमोबाईलसाठी असतो. ते दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर.

भाड्याचं दुकान आकार विचारतंय. प्रत्येकाने भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि बुटाचा नंबर जाड मोज्यावर घालून बघा. मुलांसकट सगळ्यांचे आकडे पुढच्या रविवारपर्यंत मला पाठवा.