फोरहँडला पहिलीच डिस्क फायरबर्ड? मला नाही पटत

शहापूरकर

नवीन पोरगं डिस्क गोल्फला (प्लास्टिकची चकती फेकून साखळ्यांच्या टोपलीत घालायचा खेळ) आलं आणि "फोरहँडसाठी (हात अंगाच्या बाजूनं आणून मनगटानं झटकून टाकायचं, त्याला) काय घेऊ?" म्हणून विचारलं की आपल्याकडं बेळगावात उत्तर ठरलेलं: इनोव्हा कंपनीची फायरबर्ड घे, डोळे झाकून. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

फायरबर्डचे आकडे 9, 3, 0, 4. पहिला वेगाचा, दुसरा हवेत तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीच्या वळणाचा (उणे जेवढा जास्त तेवढी जास्त वळते), चौथा वेग मेल्यावर ती किती कलते त्याचा. उजव्या हाताच्या फोरहँडला डिस्क वरून बघितली तर घड्याळाच्या उलट फिरते. म्हणजे जोरात असताना वळली तर डावीकडं, दमली की उजवीकडं. आता तिसरा आकडा शून्य आणि चौथा चार, म्हणजे ती डावीकडं जायला तयारच नाही. तळहात पालथा पडला, कोपर अंगापासून लांब गेलं, डिस्क फडफडत सुटली, काहीही झालं तरी शेवटी उजवीकडंच उतरणार. पोरगं खूश, "फोरहँड बसला" म्हणतंय. पुढं कधी त्याच्या हातात सरळ जाणारी डिस्क द्या, मग बघा काय तमाशा होतो.

शिकताना चूक तोंडावर सांगणारी डिस्क पाहिजे. डिस्क्राफ्टची बझ (5, 4, -1, 1) किंवा इनोव्हाची लेपर्ड (6, 5, -2, 1) घ्यावी आणि निम्म्या ताकदीनं टाकावी. फडफडली की डावीकडं उलटते. कुठं चुकलं ते कुणाला विचारायला जायला नको.

निपाणीचा बॉलर

दादा, तुमचं बरोबर आहे खरं आमच्या मैदानावर चालत नाही.

आमच्याकडं जे पोरगं डिस्क हातात घेतंय ते लहानपणापासून क्रिकेट खेळलेलं असतंय. बाउंड्रीवरून खाली वाकून साईडनं थ्रो मारायची सवय. दंडात ताकद लै, फिरकी द्यायची अक्कल नाही. त्याला लेपर्ड दिली की हातातनं सुटायच्या आधीच डावीकडं उलटल्यासारखी जाते आणि कडेवर घरंगळत बांधाच्या पलीकडं. "निम्म्या ताकदीनं टाक" म्हणून सांगायचं? वीस वर्षांच्या पोराला? सांगून बघा की एकदा.

फायरबर्ड दिली तर निदान समोर जाते, उजवीकडं उतरते, डोळ्यांदेखत पडते. पोरगं पुढच्या रविवारी परत येतंय. ते परत आलं तरच तुम्ही त्याला मनगट शिकवणार ना?

उद्यमबाग लेथ

बॉलरनं जे सांगितलं त्याच्यामागं कारण आहे, ते कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

डिस्क जोरात आणि सपाट जात असते तेव्हा हवेचा उचलणारा जोर तिच्या मध्याच्या जरा मागं पडतो. वेग कमी झाला, नाक वर झालं की तो जोर मध्याच्या पुढं सरकतो. साधा पत्रा असता तर पुढंमागं उलटला असता. डिस्क फिरत असते, त्यामुळं तोच धक्का नव्वद अंशांनी सरकून बाजूला दिसतो. आधी एका बाजूला वळण, शेवटी दुसऱ्या बाजूला कल, ते ह्याच्यामुळं. आता मुद्द्याची गोष्ट: फिरकी जेवढी जास्त तेवढं हे कलणं सावकाश होतं. बहुतेक माणसांच्या फोरहँडला बॅकहँडपेक्षा (हात छातीसमोरून आडवा ओढून टाकतात तो) फिरकी कमी पडते. म्हणून तीच डिस्क फोरहँडला सुरुवातीलाही जास्त वळते आणि शेवटीही जास्त कलते. जोर भरपूर आणि फिरकी कमी असा क्रिकेटवाला हात असला की लेपर्ड उलटणारच. त्यात लेपर्डचा दोष नाही.

खरं फडफड ही निराळी गोष्ट आहे. लेथवर जॉब चकमध्ये जरा आऊट, म्हणजे मध्य सोडून धरला की चालू केल्या केल्या थरथरतो. मशिनचा बेड जड असला तर आवाज कमी येईल, जॉब आऊटच राहणार. फायरबर्ड हा तो जड बेड आहे. म्हणून माझं मत शहापूरकरांच्या बाजूला. आधी डायल लावून जॉब मध्यावर आहे का बघा, मग कट घ्या.

वडगावची ताई

दोघा-तिघांचं वाचलं. सगळे एकाच पोराबद्दल भांडताय, ज्याचा हात जोरात चालतो. बाकीच्यांचं काय?

माझ्यासारखीनं फायरबर्ड टाकली की वळण वगैरे काही नाही. निघाली, उजवीकडं कलली, खाली. नऊ स्पीडची डिस्क नऊच्या वेगानं गेली तरच तिचे आकडे खरे होतात. माझ्या हातात तिचा तिसरा आकडा कधी उगवतच नाही, थेट चौथा. तेव्हा चूक झाकायचा प्रश्नच येत नाही, झाकायला उड्डाण तर हवं.

आणि ते आकडे काही सरकारी शिक्का नाहीत. कंपनी आपापले लावते. पीडीजीए ही डिस्क गोल्फची संघटना, 1976 पासून आहे, ती डिस्कची मापं आणि वजन तपासून मान्यता देते, उड्डाणाचे आकडे देत नाही. दोन कंपन्यांची "9" एकसारखी जाईल असं समजू नये.

वजनाबद्दल तर कुणी बोललंच नाही. नियम व्यासावर आहे, दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त 8.3 ग्रॅम आणि एकूण 200 च्या वर नाही. म्हणून 21.1 सेंटिमीटरच्या ड्रायव्हरवर (लांब टाकायच्या डिस्कवर) 175 लिहिलेलं दिसतं आणि आपल्या मंडळींना वाटतं 175 म्हणजेच खरी डिस्क. हात हळू असेल तर 150-160 च्या आसपासची घ्या. हलकी डिस्क जरा लवकर वळते, जरा जास्त तरंगते, कोपराला त्रासही कमी. फोरहँडचा ताण कोपराच्या आतल्या बाजूला येतो आणि तिथं दुखायला लागलं की चपातीसुद्धा लाटवत नाही.

खानापूरचं रान

शहापूरकर स्पीड आणि स्टॅबिलिटीची खिचडी करताय. फायरबर्डला नावं ठेवायची तर नऊ स्पीडला ठेवा, ओव्हरस्टेबल असण्याला, म्हणजे जोरातही न उलटता शेवटी हमखास कलण्याला कशाला?

मुळात फोरहँड टाकायचा कशासाठी? तुम्ही मोकळ्या मैदानावरचे लोक, तुम्हाला फोरहँड म्हणजे दुसऱ्या पद्धतीनं लांब टाकणं. आमच्या जांबोटीकडच्या रानात या. समोर चाळीस पावलांवर झाड, उजवीकडं वाट, डोक्यावर फांद्या. बॅकहँडला पाठ फिरवायला जागा नाही. फोरहँडला तोंड समोर राहतं, वाट दिसते, एक पाऊल पुरतं. आणि तिथं डिस्क उजवीकडं वळलीच पाहिजे, सरळ जाऊन उपयोग नाही. ह्या कामाला डिस्क्राफ्टची झोन: 4, 3, 0, 3. वेग कमी, तरंगणं कमी, शेवटी हमखास उजवीकडं. जोर लागत नाही म्हणून ताईंच्या हातातही वळेल आणि बॉलरच्या पोराच्या हातात उलटणार नाही.

शिवाय धरायला बघा. वर घुमट नाही, चपटी आहे. मधलं बोट रिमच्या आत सपाट बसतं, तर्जनी त्याला लागून, अंगठा वरनं दाबला की डिस्क तळहातात हलत नाही. एव्हिएरसारखा खोल पटर (टोपलीजवळून टाकायची डिस्क) फोरहँडला धरून बघा, बोटं लोंबकळतात. शहापूरकरांची बझसुद्धा जरा घुमटाची निघाली की अंगठा घसरतो, खास करून पावसात.

शहापूरकर

खिचडी नाही, खानापूरकर. मी पहिल्या डिस्कबद्दल लिहिलंय. झोन दुसरी म्हणून घ्या, मी स्वतः पिशवीत ठेवतो. खरं पहिलीच झोन घेतली तर पोरगं वळवायला शिकतं, सरळ टाकायला शिकत नाही. सरळ येणाऱ्याला वळवता येतं. उलटं होत नाही.

ताईंचं वजनाबद्दलचं मान्य.

बॉलर, क्रिकेटवाल्या हाताला सरळ उपाय आहे. धावत येऊन टाकायचं नाही. उभ्यानं, कोपर बरगडीजवळ, फक्त मनगटानं. आधी वीस मीटर. वीस मीटरला डिस्क फडफडली तर साठ मीटरला फायरबर्ड देऊन काय साधणार?

निपाणीचा बॉलर

उभ्यानं, मनगटानं, वीस मीटर. दादा, रविवारी सकाळी पोरगं निपाणीहून गाडीला किक मारून येणार आणि तुम्ही त्याला वीस मीटरवर उभं करणार. जेवायच्या आधी पळून जाईल.

आणि वाऱ्याचं काय? जूनपासून पश्चिमेचा वारा सुटला की येळ्ळूरला राजहंसगडाकडच्या माळावर उभं राहून टाकून बघा तुमची लेपर्ड. समोरचा वारा म्हणजे डिस्कला हवा आणखी जोरात लागते, ती आणखी वळते. माझ्या डोळ्यांसमोर एकाची लेपर्ड डावीकडं उलटली, कडेवर पडली आणि उतारावरनं चाकासारखी निघाली, आम्ही पाचजण मागनं. फायरबर्ड त्याच वाऱ्यात रेघ धरून जाते. वर्षातले चार महिने आपल्याकडं हा वारा असतो, मर्दा. एकच डिस्क घ्यायची तर वाऱ्यात चालणारी घेतली पाहिजे की नको?

रिकी वायसॉकी 2016 आणि 2017 चा जगज्जेता, त्याचा फोरहँड बघा. फुल जोर. कुणी वीस मीटरवर उभं केलेलं दिसत नाही.

वडगावची ताई

वायसॉकीच्या हाताला फिरकीपण आहे, भावा. नुसता जोर बघून चालतंय होय?

हिंडलग्याचा नवखा

नमस्कार मंडळी. सगळं वाचलं, डोकं फिरलं. माझं एवढंच विचारणं आहे: एकच डिस्क घेणार आहे. बाहेरनं मागवायची, टपालखर्च वेगळा, कस्टम लागली तर ती वेगळी. दोन घेतल्या तर घरात विचारणार, "ताटल्या कशाला आणल्या?" क्रिकेट खेळलोय खरं बॉलिंग नाही, कीपिंग. मैदान म्हणजे घरामागचा माळ, तांबडी माती आणि जांभ्याचे दगड. प्लास्टिक कुठलं घ्यायचं तेही सांगा.

उद्यमबाग लेथ

नवख्या, तुझ्या दगडांनी प्रश्न सोपा केला.

साधं प्लास्टिक स्वस्त, हाताला चांगली पकड, दगडावर आपटलं की कड चेपते. कड चेपत गेली की डिस्क हळूहळू कमी ओव्हरस्टेबल होत जाते. महागड्या प्लास्टिकला हे व्हायला लै वेळ लागतो. लोक ह्याला तोटा म्हणतात. तुला हा फायदा आहे. इनोव्हाची रॉक घे, साध्या डीएक्स प्लास्टिकची, आकडे 4, 4, 0, 3. आज ती खानापूरकरांच्या झोनच्या जवळपास वागेल, वाऱ्यात उभी राहील, हात बसेपर्यंत उलटणार नाही. जांभ्यावर आपटून आपटून पुढच्या दिवाळीपर्यंत ती शहापूरकरांच्या मनासारखी सरळ होईल. तोवर तुझं मनगटही सुटलेलं असेल.

आल्यावर पहिलं काम: रिमच्या आतल्या बाजूनं मधलं बोट गोल फिरव. साच्याच्या जोडाची बारीक रेघ लागते कधी कधी, आम्ही फौंड्रीवाले त्याला फ्लॅश म्हणतो. बॅकहँडला कळत नाही. फोरहँडला सगळा जोर त्या एका बोटावर, दहा-वीस फेकींत कातडं सोलतंय. बारीक पॉलिश पेपरनं ती रेघ तेवढी घास. साच्याची खोड गुळगुळीत करायला नियमाची हरकत नाही. उत्साहाच्या भरात कडेचा आकार बदललास तर मात्र डिस्क स्पर्धेतून बाद.

खानापूरचं रान

रॉक चांगली आहे खरं झोनपेक्षा खोल आहे. फोरहँडला धरायला मला नाही आवडत. बोटं लांब असतील तर चालेल. नवख्या, तुझी बोटं कशी आहेत?

हिंडलग्याचा नवखा

कीपिंग करून दोन वाकडी आहेत.

शहापूरकर

मग तर हलक्या हातानं, वीस मीटर. रॉकला माझी हरकत नाही, निदान ती चार स्पीडची आहे. मात्र नवी असताना उजवीकडं गेली म्हणून "फोरहँड बसला" असं समजू नकोस. हवेत असताना तिच्याकडं बघ. वरचं चित्र स्वच्छ फिरताना दिसलं तर बरोबर. कड वर-खाली हलताना दिसली तर चूक, मग ती कुठंही पडू दे.

वडगावची ताई

आणि 165 च्या आतली मिळाली तर तीच घे. दुकानवाला 180 खपवायला बघेल. 21.7 सेंटिमीटरच्या रॉकला 180 पर्यंत परवानगी आहे म्हणून ती घेतलीच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही.

निपाणीचा बॉलर

मी अजून फायरबर्डच म्हणणार. येत्या रविवारी वारा असला तर लेले मैदानावर या सगळे, गर्दी व्हायच्या आत. तुमची बझ, खानापूरकरांची झोन, माझी फायरबर्ड, नवख्याच्या हातात एकेक देऊ आणि बघू कुठली कुठं जाते. तो कीपर आहे, कुणाच्याच बाजूचा नाही.

नवख्या, आणि काय पण घे, हिरवी घेऊ नकोस. गुलाबी घे. तुझ्या माळाच्या खाली ऊस आहे आणि तोड लागायला अजून वेळ आहे.