रुग्णाच्या उशाशी प्रार्थना केली नाही, म्हणजे विश्वास लपवला का?

रात्रपाळी
‘रुग्णाच्या उशाशी उघडपणे प्रार्थना न करणारे ख्रिस्ती डॉक्टर आणि परिचारिका आपला दिवा मापाखाली झाकून ठेवतात’, म्हणजे येशूने नको म्हटले तसा आपला विश्वास लपवतात, असे विधान काल या चर्चामंचावर झाले आणि त्याखाली ‘आमेन’ची रांग लागली. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, दर रविवारी उपासनेला जाते, आणि तरीही हे विधान मला निव्वळ आगाऊपणाचे वाटते. बेशुद्ध माणसाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवावे लागते. टाचेवरची किंवा माकडहाडावरची कातडी लालसर दिसली तर बोटाने दाबून ती लाली क्षणभर जाते की तशीच राहते हे पाहावे लागते, कारण तशीच राहिली तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली असते. पहाटे चार वाजता हे खरोखर पाहिले की तक्त्यावर नुसती सही ठोकली, हे कोणालाही कळत नाही. माझ्या लेखी विश्वासाची कसोटी तिथे लागते. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातले नीतिमान लोकही ‘प्रभो, तू आजारी असताना आम्ही तुझ्याकडे कधी आलो?’ असे चकित होऊनच विचारतात. आपण साक्ष देत आहोत याचा त्यांना पत्ताही नसतो.

उजेड
ते विधान माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. तुम्ही वर्णन केलेले काम कोणतीही प्रामाणिक नास्तिक परिचारिकाही करते. मग त्यात ख्रिस्ताचे असे काय उरले? शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री माझे वडील इतके घाबरले होते की संमतिपत्रावर सही करताना त्यांचा हात थरथरत होता. तपासायला आलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी निघताना ‘तुमची हरकत नसेल तर दोन शब्द प्रार्थना करू का?’ असे विचारले, आणि त्या रात्री वडील शांत झोपले. याला आगाऊपणा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

साशंक
मी देव मानत नाही आणि डॉक्टर आहे. ज्या बाईंच्या हाती उद्या आपला श्वास असणार आहे, त्यांना आज ‘हरकत आहे’ असे कोणता रुग्ण सांगेल? माझ्या एका सहकाऱ्याने अशीच प्रार्थना केली तेव्हा नातेवाइकांनी माना डोलावल्या आणि तो गेल्यावर मला विचारले, “नको म्हटले असते, तर आमच्याकडे लक्ष दिले असते ना?” ब्रिटनमधील डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल कौन्सिलने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटले आहे, की रुग्णाने स्वतः विचारले किंवा असे बोलणे आपल्याला आवडेल असे सूचित केले, तरच डॉक्टरने स्वतःच्या श्रद्धेविषयी बोलावे. शिवाय श्रद्धेचा उजेड फार झाला की वेदनाशामक विसरतात; मदर तेरेसांच्या कोलकात्यातील मृत्युपंथी रुग्णांच्या आश्रमात तीव्र वेदनाशामके नव्हती, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी 1994 मध्येच लिहिले होते.

रात्रपाळी
त्याच लेखात त्या संपादकांनी आपली पसंती हॉस्पिस चळवळीला, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या वेदना शमवून त्यांची काळजी घेणाऱ्या चळवळीला, दिली होती, हे तुम्ही सोयीने गाळलेत. ती चळवळ उभी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स कट्टर ख्रिस्ती होत्या. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या बाईंनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले आणि वेदना उसळण्याची वाट न पाहता मॉर्फिन नियमित वेळेला द्यायचे, हा आग्रह धरला. तुमचा सूचनांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, जरी तो तुम्ही मांडला असला तरी.

पगारपत्रक
प्रार्थनेवर एवढी शाई सांडलीत, आता पगारावरही बोला. मी ज्या मिशन रुग्णालयात होतो, तिथे हजेरीच्या यंत्रावरच बायबलमधील कलस्सैकरांस पत्रातील वचन चौकटीत लावले होते: जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून करा. ओव्हरटाइम मागितला की बोट त्या चौकटीकडे जायचे. ते वचन मुळात दासांना उद्देशून आहे, आणि त्यानंतर तीनच वचनांनी, चौथ्या अध्यायाच्या आरंभी, धन्यांनी दासांशी न्यायाने वागावे अशी आज्ञा आहे. ती चौकट कोणी का करून लावत नाही?

विश्वस्त
अशा संस्थेचे अंदाजपत्रक जुळवणे म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसावे. निम्मे रुग्ण बिल भरू शकत नाहीत, देणग्या आटल्या आहेत, आणि देवाचे पाचारण म्हणून सेवेला आलेला माणूस तास मोजू लागला तर दारे बंद करावी लागतील. येशूने कोणा आजाऱ्याला ‘माझी पाळी संपली’ असे सांगितले होते का?

रात्रपाळी
जवळजवळ तेच केले होते. मार्काच्या पहिल्याच अध्यायात अख्खे गाव दाराशी लोटते, तो अनेकांना बरे करतो, पहाटे एकटाच निघून जातो, आणि ‘सगळे तुझा शोध करत आहेत’ असे शिमोन सांगतो तेव्हा परत न फिरता पुढच्या गावांकडे वळतो. डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्याचे कलम यायला मात्र 2017 साल उजाडावे लागले.

पगारपत्रक
आणि येशूच्या दाखल्यात वाटेवरच्या जखमी परक्याला उचलून नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याने उतारशाळेच्या रखवालदाराला ‘सेवा म्हणून सांभाळ’ असे सांगितले नव्हते. त्याने रोख पैसे मोजले आणि जास्त खर्च झाला तर परतताना तोही देईन असा शब्द दिला. त्या दाखल्यावर वर्षानुवर्षे प्रवचने ऐकली, पण हा भाग एकाही पाळकाच्या तोंडून ऐकला नाही.

उजेड
माझ्या धाग्याचे कामगार न्यायालय केल्याबद्दल सर्वांचे आभार. रुग्णाने मागितल्याशिवाय प्रार्थना करू नये, एवढे मी मान्य करतो. पण त्याला मागता यावी, इतपत तुमचा चेहरा तरी मोकळा असू द्या.

विश्वस्त
ठीक आहे. मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते, हे बायबलमधील याकोबाच्या पत्रातले वचन मी विश्वस्त मंडळाच्या खोलीत लावतो. त्याखाली बसून तुटीचा मेळ घालायला मात्र पगारपत्रक यांनीच यावे.

पगारपत्रक
येतो. नव्या प्रवेशद्वाराच्या संगमरवराचा हिशेबही टेबलावर ठेवा.