खेळपट्टी झाकायला सुरुवात कधी झाली? आणि झाकूनही ओल आत कशी जाते?

चौथी_स्लिप:
जुन्या कसोट्यांबद्दल वाचताना 'रात्री पाऊस झाला आणि सकाळी फलंदाजी अशक्य झाली' असं सारखं येतं. तेव्हा खेळपट्टी झाकतच नसत का? दुसरा प्रश्न कामाचा. दोन ताडपत्र्या जोडून झाकली, तर पावसानंतर मधला भाग कोरडा राहतो, पण एका क्रीजपाशी आणि कडेला ओल सापडते. कशामुळे?

उघडी_विकेट:
सोय नव्हती हे एक कारण, पण मुळात झाकू नये अशीच धारणा होती. १७८८ च्या नियमांत सामना चालू असताना प्रतिपक्षाच्या संमतीशिवाय खेळपट्टीवर रोलर फिरवायला, पाणी मारायला किंवा ती झाकायला मनाई होती. एमसीसीचा (क्रिकेटचे नियम ठरवणारा लंडनचा क्लब) नियम १० आजही तसाच आहे. सामन्यादरम्यान पूर्ण आच्छादन नाही; स्पर्धेच्या नियमांत तरतूद असेल किंवा नाणेफेकीआधी ठरलं असेल तरच. एरवी फक्त गोलंदाजांचा रनअप झाकायचा, आणि ते कव्हर पॉपिंग क्रीजच्या (फलंदाजासमोरची रेघ) पुढे १.५२ मीटरपेक्षा जास्त यायला नको.

पट्टी चिंब असते तेव्हा खेळणं तितकं अवघड नसतं, चेंडू घसरत येतो. खरी गंमत ऊन पडल्यावर. वरचा पापुद्रा सुकतो, खालची चिकणमाती ओलीच राहते. चेंडू पापुद्रा फोडून रुततो, मग एक छातीपर्यंत उसळतो तर पुढचा घोट्याखाली राहतो. डिसेंबर १९५० मध्ये ब्रिस्बेनला इंग्लंडने ७ बाद ६८ वर डाव सोडला, ऑस्ट्रेलियाने उलट ७ बाद ३२ वर! पट्टी वाईट असतानाच समोरच्याला खेळायला लावायचं, एवढाच हिशोब. इंग्लंडचा दुसरा डाव धरून त्या दिवशी १३० धावांत २० बळी पडले.

इंग्लंडमध्ये काउंटी सामन्यांना १९८१ पासून पूर्ण आच्छादन आलं. १९८७ चा एक हंगाम पुन्हा उघड्या पट्ट्यांवर खेळवून पाहिला, पुढच्या वर्षी तो नाद सोडला.

चिकणमाती:
ओलीबद्दल. तुमचा जोड बहुतेक त्याच क्रीजवर येतोय. तिथे पायांनी खड्डे पडलेले असतात, ताडपत्री खाली झोळते, पाणी साचतं आणि जोडातून झिरपतं.

पट्टी २०.१२ × ३.०५ मीटर. दोन्ही बाजूंना निदान दोन मीटर जास्त झाका, टोकांना त्याहून अधिक. नाहीतर कडेला ओघळलेलं पाणी मातीतून आडवं आत येतं. जोड टाळता येत नसेल तर कौलांसारखं घाला: उताराकडची ताडपत्री आधी, चढाकडची तिच्यावर, मीटरभर चढवून. मधोमध लांबीने जाड फोमची नळी ठेवली की पाणी दोन्हीकडे निथळतं. कडेला वाळूच्या पिशव्या ठेवा. खुंट्या ठोकू नका, प्रत्येक भोक गळतं.

काढताना घाई नडते. आधी वरचं पाणी रबरी वायपरने उताराकडे ढकला, मगच गुंडाळा. कड उचलून झटकली की सगळा लोंढा पट्टीवर. शेजारच्या पट्ट्यांवरही ओतू नका, त्यांनाही आपली पाळी असते.

चौथी_स्लिप:
जोड क्रीजवरच येतो, बरोबर. ताडपत्रीखाली गोणपाट घालावं का?

चिकणमाती:
घाला, पण कोरडं. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला घाम धरतो, ते थेंब गोणपाट टिपतं. भिजलेलं गोणपाट मात्र उलट ओल धरून ठेवतं. पाऊस थांबला की उघडा. ऊन पडल्यावर कव्हर तसंच राहिलं तर गवत पिवळं पडतं आणि बुरशी धरते. ओला डाग राहिलाच तर स्पंज दाबून टिपा, घासू नका. त्यावर रोलर तर नकोच, माती रोलरला चिकटून वरचा थर सोलला जातो. लाकडाचा भुसा फक्त पायांच्या खड्ड्यांत आणि रनअपवर.

उघडी_विकेट:
मोठ्या मैदानांवरही हेच होतं. १९७४ ला लॉर्ड्सवर कव्हरखाली पाणी शिरलं, पाकिस्तान ३ बाद १९२ वरून २२६ मध्ये आटोपला, इंग्लंडचा फिरकी गोलंदाज अंडरवूडचे ५१ धावांत ८ बळी. जानेवारी २०२० मध्ये गुवाहाटीत पाणी पट्टीवर गेलं. हेअर ड्रायर आणि इस्त्री फिरवूनही भारत-श्रीलंका टी-२० रद्दच झाला. तुमच्याकडे सुपर सॉपर असेल तर तो आउटफिल्डसाठी ठेवा. त्याचा फोमचा रोलर साचलेलं पाणी शोषतो, मातीत मुरलेलं नाही.