खोटा खांदा का हवा

फायर फॉर्मिंग म्हणजे काडतुसाची पितळी केस (बाहेरचं नळकांडं) रायफलीच्या चेंबरमध्ये झाडून त्या चेंबरच्या आकारात फुगवणं, एवढंच इथे एकाने लिहिलंय. पहिल्याच फायरिंगला केसच्या बुडाजवळ चकचकीत कडं दिसलं, त्याचं कारण पितळ खराब, हा त्याचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. आधी हेडस्पेस बघा, म्हणजे बंद बोल्टचं (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाचं) तोंड आणि चेंबरमध्ये केस पुढे जिथे अडते ती जागा, यांमधलं अंतर.

केस चेंबरमध्ये सैल असेल तर फायरिंग पिन तिला पुढे ढकलते. दाब वाढला की पुढच्या पातळ भिंती चेंबरला घट्ट चिकटतात आणि जाड बूड मागे बोल्टच्या तोंडापर्यंत सरकतं. मधलं पितळ ताणलं जातं, पातळ होतं. ते कडं म्हणजे तिथून केस तुटायची पूर्वसूचना. अशी केस मी पुन्हा दारू-गोळी घालून कधीच भरत नाही. वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवलं की खाच हाताला लागते.

उपाय म्हणजे मान (केसचा पुढचा अरुंद भाग) आधी मोठी करून पुन्हा थोडी कमी करायची, म्हणजे मानेवर एक जादा उतार, खोटा खांदा, तयार होतो; तो चेंबरला टेकून केसला पुढे सरकू देत नाही आणि बोल्ट किंचित जोर लावूनच बंद होतो. ॲकली इम्प्रूव्हडमध्ये (मूळ काडतुसाची केस फुगवून जास्त दारू मावेल अशी केलेल्या काडतुसांत) हे सहसा लागत नाही, कारण तिथे चेंबरच सुमारे 0.004 इंच आखूड कापलेलं असतं. मूळ फॅक्टरी काडतूस त्यात घट्ट बसतं. पण जुन्या रायफलीत ते तसंच कापलंय हे गृहीत धरू नका, गनस्मिथकडून मोजून घ्या.

आणि ॲनीलिंग, म्हणजे पितळ तापवून मऊ करणं, फक्त मान-खांद्याला. बूड मऊ झालं तर ती केस टाकूनच द्या, कृपया.