उशिरा सुरू केलेली गाठही प्रौढ माशीत टिकतेय, जनुकाची कळ थंडीत बंद ठेवणारं गॅल८० गळतंय का?

पेशीघड्याळ: पॉक्सएन-गॅल४ (मोजक्याच पेशींत जनुक चालू करणारी कळ) वापरून ड्रोसोफिला या फळमाशीच्या न्यूरोब्लास्टमध्ये प्रॉस्पेरोचा आरएनएआय चालवतोय, म्हणजे मूळपेशीच्या लेकींना चेतापेशी व्हायला लावणारं प्रॉस्पेरो बंद पाडतोय. सोबत आरएनएआयला जोर देणारं डायसर-२, पेशी चमकवणारं जीएफपी आणि ट्युब्युलिन-गॅल८०टीएस, जे १८ अंशांवर गॅल४ दाबून ठेवतं आणि २९ला सोडतं. अंडी १८ अंशांवर. एक गट ७२ तासांनी २९ अंशांवर नेला, दुसरा ९६ तासांनी. तिसऱ्या अळी-अवस्थेत सुरू झालेली गाठ कोषात थंडावायला हवी, पण सहा दिवसांच्या माश्यांत दोन्हीकडे डेडपॅन-पॉझिटिव्ह (न्यूरोब्लास्टची खूण असलेल्या) पेशींचे ढीग. आणि यावरून मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाबद्दल कितपत बोलता येईल?

तिसरी_अवस्था: गॅल८०वर संशय नंतर घ्या, आधी तास बघा. ७२ तासांना तिसरी अवस्था हा २५ अंशांचा हिशोब. १८ला वाढ साधारण निम्म्या वेगाने होते, म्हणजे तुमचे ९६ तास हे २५ अंशांचे ४८: अळी जेमतेम दुसऱ्या अवस्थेत. तुमचे दोन्ही गट 'लवकर'चेच आहेत! त्या वयाचे न्यूरोब्लास्ट चिन्मो आणि इम्प ही लहान वयाची प्रथिनं बनवत असतात. तिसऱ्या अवस्थेच्या सुरुवातीला ती उतरतात आणि सिन्क्रिप हे पुढच्या वयाचं प्रथिन चढतं. त्याआधी प्रॉस्पेरो गेलं, तर गाठीतल्या काही पेशी चिन्मो-इम्प धरूनच बसतात आणि तिला पोसतात. उशिराचा गट १६० तासांच्या पुढे हलवा. एक गट शेवटपर्यंत १८लाच ठेवा. त्यात गाठ दिसली तरच गळती म्हणा.

श्वासरंध्र: नुसत्या तासांवरही विसंबू नका. माद्या फलित अंडी पोटात धरून ठेवतात, म्हणून पहिल्या तासाची प्लेट टाकून द्यायची आणि पुढची दोन तासांचीच घ्यायची. व्हायलमध्ये गर्दी झाली की वाढ रेंगाळते, एकाच व्हायलमध्ये दोन अवस्था सापडतात. हलवण्याआधी पाच-सहा अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा: पुढची श्वासरंध्रं बोटांसारखी फाकलेली असली तर तिसरी अवस्था, गदेसारखी मिटलेली असली तर दुसरी. कंट्रोल म्हणून एमचेरी आरएनएआयचा (माशीत नसलेल्या जनुकाविरुद्धचा) गट त्याच तासाला हलवा. प्रॉस्पेरो जनुकाच्या वेगळ्या तुकड्याविरुद्धची दुसरी आरएनएआय लाइनही (माश्यांचा वाण) हवीच. आणि सगळ्या न्यूरोब्लास्टमध्ये चालणारा ड्रायव्हर (गॅल४) घ्यायचा मोह टाळा, त्यात बऱ्याच माश्या कोषातच मरतात आणि मोजायला प्रौढ उरत नाहीत.

गर्भरेषा: दुसऱ्या प्रश्नाचं. नावावर जाऊ नका. न्यूरोब्लास्टोमा न्यूरल क्रेस्टमधून (पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या गर्भातल्या एका पेशीगटातून) निघतो आणि माशीला न्यूरल क्रेस्टच नाही. माशीचा न्यूरोब्लास्ट म्हणजे मज्जासंस्थेची मूळपेशी. तुलना अवयवाची नाही, वेळेची करा: मुलांच्या बऱ्याच गाठींत जनुकीय बदल मोजकेच असतात, त्यामुळे घाव कुठल्या वयाच्या पेशीवर बसला याला वजन येतं. इम्पची माणसातली भावंडं, आयजीएफ२बीपी प्रथिनं, गर्भात भरपूर असतात, नंतर बहुतेक ऊतींत उतरतात आणि काही गाठींत पुन्हा दिसतात. तुमच्या दोन्ही गटांत इम्प रंगवा. मात्र 'सगळ्या पेशी पॉझिटिव्ह' अशी अपेक्षा ठेवू नका, गाठीत तो छोटाच हिस्सा असतो.

पेशीघड्याळ: २५चा तक्ताच भिंतीवर लावलाय. १६५ तासांचा गट लावतो, एक गट १८लाच.