कॅनव्हासवर ओळी तोडणे आणि दोन्ही कडा जुळवणे

एकाने विचारलंय की वेब पानावरच्या कॅनव्हासवर (जावास्क्रिप्टने चित्र काढायच्या चौकटीवर) मजकूर लिहिणाऱ्या फिलटेक्स्ट या आज्ञेला चौथा आकडा ४८० पिक्सेल दिला तरी ओळ तुटत नाही, अक्षरं चेपतात. तो आकडा कमाल रुंदीचा आहे. ओळी तोडणं कॅनव्हास करतच नाही. ते आपणच करायचं: ओळीला एकेक शब्द जोडत जा, दर वेळी पूर्ण ओळीची रुंदी मेजरटेक्स्ट या आज्ञेने मोजा, ४८० ओलांडले की शेवटचा शब्द खालच्या ओळीत.

कडा जुळवण्यासाठी अक्षरांतलं अंतर वाढवा, हा काहींनी दिलेला सल्ला मराठीला कृपया लावू नका. शिरोरेषा तुटते आणि ओळ विद्रूप दिसते. वाढवायची ती शब्दांमधली जागा. समजा 'पंढरपूरच्या वाटेवर पालखी थांबली' यातल्या चार शब्दांची मिळून रुंदी ४१४ भरली. उरले ६६, फटी तीन, म्हणजे प्रत्येकी २२. प्रत्येक शब्द वेगळा काढा आणि एक्स (शब्दाची आडवी जागा) पुढे सरकवताना पूर्णांक करू नका, नाहीतर उजवी कड दातेरी होते. परिच्छेदाची शेवटची ओळ आणि एकाच शब्दाची ओळ तशीच सोडा. एका शब्दाला फटी शून्य, भागाकार फसतो.

फॉन्ट उतरायच्या आधी मोजलंत तर सगळी मापं पर्यायी फॉन्टची येतात. फॉन्ट उतरवणारी डॉक्युमेंट.फॉन्ट्स.लोड ही आज्ञा पूर्ण झाल्यावरच मोजा.

फार लांब शब्द तोडायची वेळ आली तर मजकुराचे सुटे तुकडे करणारी स्प्लिट ही आज्ञा वापरू नका. 'स्त्री'चे सहा तुकडे होतात आणि वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी उमटते. अखंड अक्षरं ओळखून तोडणारा इंटल.सेगमेंटर घ्या, जुन्या ब्राउझरात तोही हलन्तानंतर तोडतो, तेव्हा हलन्ताने संपणारा तुकडा पुढच्याला जोडून घ्या.