स्वर्णा-सब1 : बियाणं खरं आहे का हे कसं तपासायचं, आणि पूर ओसरल्यावर युरिया कधी द्यायचा?

धुऱ्यावरून (प्रश्न)

वैनगंगेच्या काठच्या सुमारे 40 एकर बांध्यांसाठी आमच्या गटाने स्वर्णा-सब1 (पुरात तगणारं धानाचं वाण) घ्यायचं ठरवलं आहे. ऑगस्टमध्ये पाणी चढलं की 6 ते 9 दिवस उतरत नाही. धान पूर्ण बुडतं, शेंडासुद्धा दिसत नाही.

दोन ठिकाणांहून नमुने आले आहेत. पिशव्यांवर नाव एकच, पण एकाचं टरफल सोनेरी-तांबूस आहे आणि दुसऱ्याचं तणसासारखं फिकट पिवळं. खरं कोणतं? प्रयोगशाळेशिवाय तपासता येईल का?

दुसरं म्हणजे, साधा स्वर्णा पाणी ओसरतं त्या दिवशी बऱ्यापैकी हिरवा दिसतो आणि चार दिवसांत झोपतो, करपतो. असं का होतं? लोक पाणी उतरल्याबरोबर युरिया फेकतात, ते बरोबर आहे का? शिवाय गटातले काही जण विचारतात की हे जीएम बियाणं आहे का, घरचं बी पुढच्या वर्षी चालेल का.

कणसातला दाणा

रंगापासून सुरुवात करतो. सोनेरी टरफलाचा नमुना स्वर्णा-सब1 नाही, तो साधा स्वर्णा (एमटीयू 7029) असणार. सब1, म्हणजे पाण्याखाली तग धरण्याचा गुण देणारी जनुकाची जागा, ज्या दात्या वाणाकडून आणली, त्याच्या 9 व्या गुणसूत्राच्या तुकड्यात टरफलाचा सोनेरी रंग दाबणारा घटकही अगदी शेजारी बसलेला आहे. त्यामुळे स्वर्णा-सब1 चं टरफल फिकट, गवती रंगाचं येतं. पण उलट बाजू लक्षात ठेवा : फिकट टरफलाचे वाण ढिगाने आहेत, म्हणून फिकट रंग हा पुरावा होत नाही. रंगावरून नमुना बाद करता येतो, पास करता येत नाही. पांढऱ्या ताटात मूठभर बी पसरा. फिकट दाण्यांत सोनेरी दाणे दिसले तर भेसळ आहे.

हे वाण जीएम नाही. याचं मूळ एफआर13ए, म्हणजे ओडिशातल्या एका गावठी धानातून निवडलेला वाण. तो दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो, पण उंच वाढतो, उत्पन्न कमी देतो आणि तांदूळही बेताचा. म्हणून थेट त्याच्याशी संकर करून केलेले जुने प्रयत्न शेतकऱ्याला पटले नाहीत. 1996 मध्ये केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी ही सहनशीलता मुख्यतः 9 व्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेतून येते हे दाखवलं. 2006 मध्ये पामेला रोनाल्ड यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या (डेव्हिस) गटाने मॅकिल यांच्यासोबत त्या जागेतलं नेमकं जनुक सब1ए असल्याचं सिद्ध केलं. त्या सिद्धतेसाठी जपोनिका या भाताच्या उपप्रकारातल्या एका वाणात जनुक घालून पाहिलं होतं, आणि 'जीएम' हा गैरसमज बहुधा तिथूनच येतो. शेतात आलेलं वाण मात्र फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत साध्या संकराने आणि स्वर्णाशी पुन्हा पुन्हा केलेल्या प्रतीप संकराने तयार झालं. दर पिढीत हजार झाडं बुडवून बघण्याऐवजी पानातल्या डीएनएवरून तीन गोष्टी निवडल्या : सब1 आहे का, त्याच्या दोन्ही बाजूंचा दात्याचा तुकडा छोटा झाला का, आणि बाकी गुणसूत्रं स्वर्णाची झाली का. भारतात ते 2009 मध्ये प्रसारित झालं. सरळ वाण आहे, घरचं बी चालतं. बियाण्याच्या बांधीभोवती 3 मीटर अंतर ठेवा आणि लोंबीवर आल्यावर वेगळी झाडं उपटून टाका.

आता 'हिरवा दिसतो आणि झोपतो' याचं कारण. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. बुडलेल्या झाडात तयार होणारा इथिलीन हा वायू बाहेर पडत नाही, आतच साचतो. साध्या स्वर्णात त्यामुळे जिबरेलिनचा (वाढीच्या संप्रेरकाचा) जोर वाढतो आणि रोप शेंडा पाण्याबाहेर काढण्यासाठी भराभर लांबतं. खोडातली साखर आणि स्टार्च त्यात खर्च होतो, पानांतलं हरितद्रव्य तुटतं. पाणी उतरतं तेव्हा उरतो लांबट, पोकळ धागा. त्याला स्वतःचं वजन पेलत नाही आणि नवीन पान काढायला शिल्लक काही नसते. सब1ए त्याच इथिलीनने जागं होतं, पण जिबरेलिनला ब्रेक लावणारी प्रथिनं वाढवतं. रोप वाढायचं थांबतं आणि साठा राखून ठेवतं. हे वाण पुराशी झुंजत नाही, दम धरून बसतं. तुमचे बाकीचे निर्णय याच एका गोष्टीवरून घ्या : पुराआधी साठा वाढला पाहिजे, पुरात तो खर्च होता कामा नये.

टाकी आणि ट्रे (उत्तर)

प्रयोगशाळेशिवाय तपासणी नक्की होते. दीड महिन्याहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून एप्रिलच्या मध्यालाच घ्या.

एकाच ट्रेमध्ये तीन ओळी लावा : नमुना एक, नमुना दोन, आणि खात्रीचा साधा स्वर्णा. प्रत्येक ओळीत 20 ते 25 रोपं, असे किमान तीन ट्रे, आणि प्रत्येक ट्रेमध्ये ओळींचा क्रम बदला. वेगवेगळ्या ट्रेमध्ये वेगळे नमुने लावलेत तर कडेची सावली आणि पाण्याची खोली यांतला फरक वाणाचा फरक वाटेल. मातीवर वाळूचा पातळ थर द्या, म्हणजे गाळ उठत नाही. रोपं 14 दिवसांची झाली की प्रत्येक ओळीतल्या दहा रोपांची उंची मोजून लिहून ठेवा.

सिमेंटची टाकी उत्तम. नसेल तर ताडपत्री घातलेला सव्वा-दीड मीटर खोल खड्डा चालतो. ट्रे तळाशी ठेवून एक मीटरपेक्षा जास्त पाणी भरा. मध्ये पाणी बदलू नका, घट झाली तेवढीच भरा. मेच्या उन्हात उथळ पाणी फार तापतं आणि सगळंच शिजतं, म्हणून वरून शेडनेट ओढा.

दहाव्या दिवसापासून साध्या स्वर्णाचं एखादं जादा लावलेलं रोप रोज उपटून बुंधा चिमटीत दाबा. घट्ट लागला तर थांबा. मऊ, पाणचट लागला आणि वास आला की पाणी काढायची वेळ झाली. बहुतेक वेळा 12 ते 14 दिवस लागतात.

पाणी काढलं की लगेच उंची मोजा. साधा स्वर्णा ठळकपणे लांबलेला असेल, खऱ्या सब1 ची वाढ अगदी कमी असेल. जगलेली रोपं मात्र त्या दिवशी मोजू नका. इथेच बहुतेकांची चूक होते, कारण त्या दिवशी मेलेलं रोपही हिरवट दिसतं. 21 दिवस थांबा आणि ज्यातून नवीन पान निघालंय तेवढीच जिवंत धरा.

साधा स्वर्णा ही तुमची फूटपट्टी. तोही जगला तर पाणी कमी दिवस होतं, किंवा पाणी फार स्वच्छ असल्याने रोपांना खाली भरपूर उजेड आणि ऑक्सिजन मिळाला. तिन्ही ओळी मेल्या तर दिवस जास्त झाले किंवा पाणी तापलं. दोन्ही वेळा चाचणी रद्द समजा, निकाल काढू नका. एखाद्या नमुन्यात बरीच रोपं जगली आणि मेलेली सगळी लांबलेली होती, तर ती भेसळ.

डीएनए तपासणी करणार असाल तर जनुकाच्या आतला मार्कर (डीएनएवरची ओळखखूण) वापरायला सांगा. आरएम 8300 सारखा शेजारचा मार्कर पैदाशीत उपयोगी पडतो, पण बाजारातल्या नमुन्यावर फसवू शकतो. नुसतं 'सब1ए आहे' हेही पुरेसं नाही. इंडिका या भाताच्या उपप्रकारातल्या काही वाणांत हेच जनुक सब1ए-2 या रूपात असतं आणि ते सहनशीलता देत नाही. सहनशील रूप सब1ए-1. दोन्हींत प्रथिनाच्या 186 व्या जागी फरक आहे, एकात प्रोलिन तर सहनशील रूपात सेरिन हे अमिनो आम्ल.

रोवणीचं गणित (उत्तर)

वाण बदललं आणि पऱ्हे (रोपवाटिकेतली रोपं) तसेच दाट, पिवळे ठेवले तर निम्मा फायदा जातो. एकराच्या रोवणीला 16 किलो बी धरलं तर ते 4 गुंठ्यांत पातळ फेका, म्हणजे चौरस मीटरला साधारण 40 ग्रॅम पडतं. चांगलं कुजलेलं शेणखत आणि स्फुरद द्या. पऱ्ह्यांना हिरवेगार करण्यासाठी युरिया मारू नका. जास्त नत्राची रोपं मऊ असतात, साठा कमी ठेवतात आणि पाण्याखाली लवकर सडतात. पऱ्हे 30 ते 35 दिवसांचे होऊ द्या. स्वर्णा 140 ते 145 दिवसांचं वाण असल्यामुळे ते सोसतं, आणि जाड बुंध्याचं रोप 21 दिवसांच्या रोपापेक्षा पुरात जास्त टिकतं. रोवणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात उरकली की पाणी येईपर्यंत मुळं धरलेली असतात.

रोवणीला स्फुरद आणि पालाश पूर्ण द्या, नत्राचा थोडाच भाग. पुराचा इशारा असेल तर वरखत थांबवा.

पाणी उतरल्याबरोबर युरिया फेकू नका. त्या वेळी मुळं घेत नाहीत आणि खत वाहून जातं. थोडं लागलं तरी मऊ फूट येऊन धान लोळतं. 5 ते 7 दिवसांनी नवीन पानाची सुई दिसू लागली की एकरी सुमारे 17 किलो युरिया पातळ पाण्यावर द्या. तो हेक्टरी 8 किलो नत्राइतका नाही, साधारण 20 किलो नत्राइतका होतो, हिशेब करताना एकर-हेक्टरची गल्लत करू नका. पुढचा हप्ता लोंबी पोटात धरताना.

बांधी कोरडीठाक करू नका. पाण्याखालून अचानक उन्हात आलेल्या पानाला खालून पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतही ते सुकतं. 2 ते 5 सेंटिमीटर पाणी राखा. पानांवर गाळ चिकटून वाळला तर उजेड अडतो. छोट्या बांधीत स्वच्छ पाण्याचा फवारा मारता येतो.

तिसऱ्या दिवशी नांगर घालू नका. जुनी पानं जवळजवळ सगळी जातात, शेत मेल्यासारखं दिसतं. सातव्या ते दहाव्या दिवशी दहा जागचे चूड (रोवलेल्या रोपांचे झुबके) बघा. बुंधा आतून पांढरा आणि घट्ट असेल तर तो फुटणार. खाडे पडले असतील तर बचावलेल्या चुडांतले दोन-तीन फुटवे मुळांसकट काढून तिथे लावा. कडा करप्यावर लक्ष ठेवा. पुराने पानं चिरलेली असतात आणि सब1 चा या रोगाशी काही संबंध नाही.

पुरानंतर निसवणं (लोंबी बाहेर पडणं) आठवडा-दोन आठवडे लांबतं. लाखोळी किंवा जवसाचा उतेरा (उभ्या धानात फेकून घेतलेलं पुढचं पीक) घेत असाल तर त्याची तारीख त्याप्रमाणे धरा.

खलाटी

कोकणातून एक भर. आमच्याकडचे लोकही सब1 मागतात, पण वाशिष्ठी-सावित्रीचं पाणी बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतं, आणि तिथे नुकसान होतं ते ओढीने उपटलेल्या आवणाचं (लावलेल्या रोपांचं). त्यावर हे जनुक काही करत नाही. खार जमिनीत तर अजिबात नको, सब1 ला मिठाची सहनशीलता नाही. तिथे पनवेल-1, 2, 3 या मालिकेतली भातं बघा. आणि ज्या खोलगट खाचरात दोन फूट पाणी महिनाभर साचून राहतं, तिथे वाढ थांबवणारं रोप तोट्याचं ठरतं. तिथे थोडं उंच वाढणारं वाण हवं.

धुऱ्यावरून

सर्वांचे आभार. सोनेरी नमुना परत करतोय आणि फिकट नमुना साध्या स्वर्णासोबत ट्रेमध्ये टाकतोय. एक राहिलं : 40 पैकी 8 एकरांत आवत्या (रोवणीशिवाय थेट बी फेकून पेरणी) आहे. तिथे हेच बी फेकलं तर पेरणीनंतर आलेल्या पाण्यात वाचेल का?

कणसातला दाणा

नाही. सब1 पानं आलेल्या, वाढीला लागलेल्या रोपासाठी आहे. पाण्याखाली दाणा उगवणं ही वेगळी क्षमता. त्यासाठी स्टार्च फोडून कोंब वर काढावा लागतो, म्हणजे सब1 च्या बरोबर उलट काम. त्या गुणाचा एक मोठा स्रोत म्यानमारच्या खाओ ह्लान ऑन या वाणात सापडला असून तो 9 व्याच गुणसूत्रावर, पण वेगळ्या जागी आहे. स्वर्णा-सब1 मध्ये तो नाही. त्या 8 एकरांतही रोवणीच करा. मनुष्यबळ नसेल तर आवत्या उंचावरच्या बांध्यांत हलवा आणि नदीकडच्या बांध्या रोवणीसाठी ठेवा. निसवताना पूर आला तरीही हे जनुक वाचवत नाही, त्यामुळे सप्टेंबरअखेर पाणी चढणाऱ्या सखल तुकड्यांचा हिशेब वेगळा ठेवा.